फॉर्मवर ‘हो’ लिहिण्याआधी

पत्र:

“ताई, आम्ही सांगलीच्या गावभागात तिसऱ्या मजल्यावर राहतो. जैन कुटुंब आहे, घरात अंडंसुद्धा येत नाही. लेक नऊ वर्षांची. मध्यंतरी आमच्या पार्किंगमध्ये एका मांजरीची पिल्लं गाडीखाली गेली, तेव्हापासून तिनं मांजर पाळायचा ध्यास घेतलाय. सासूबाईही तयार झाल्या. म्हणाल्या, जीवदयाच आहे. म्हणून मोकाट मांजरांना वाचवून त्यांना घरं शोधून देणाऱ्या इथल्याच एका संस्थेकडे गेलो. त्यांनी दोन पिल्लं दाखवली, बोका आणि भाटी, सख्खी भावंडं. आणि हातात फॉर्म दिला. मांजराला काय खायला घालणार? खिडक्यांना जाळी आहे का? नसबंदी कराल का? पूर आला तर मांजर कुठे नेणार? शिवाय ओळखपत्र द्या, आम्ही घर बघायला येऊ. ह्यांना राग आला. ‘मुलगी मागायला आलोय का आपण?’ म्हणाले. सासूबाई म्हणतात, त्यांच्या माहेरी हरिपूरला मांजर दूध-भाकरीवर बारा वर्षं जगलं, आणि नसबंदी तर पापच. मला वाटतं, फॉर्मवर सगळीकडे ‘हो’ लिहावं आणि घरी आणल्यावर आपल्या पद्धतीनं सांभाळावं. दूध, पनीर, तूप-भात, कशालाच कमी पडू देणार नाही. यात काय चुकतंय?”

– एक वाचक, गावभाग, सांगली

ताई,

खोटं ‘हो’ लिहू नका. जाळी बसवता येते, पुराची सोय लावता येते, यजमानांचा रागही चार दिवसांत निवेल. पण खाण्याच्या रकान्यातलं खोटं ‘हो’ त्या पिल्लांच्या जिवावर बेतेल. तेही लगेच नाही, हळूहळू, ती तुम्हाला गुटगुटीत दिसत असताना.

आधी हरिपूरच्या मांजराबद्दल. सासूबाई सांगतात ते खरंच असणार. त्याच्या वाटीत दूध-भाकरीच पडत असेल. पण हरिपूर म्हणजे हळदीच्या पेवांचं गाव. शेती, धान्याची पोती, गोठा, परडं. तिथलं मांजर रात्रभर हिंडायचं आणि उंदीर, पाली, टोळ, सापडली तर चिमणी, यांवर पोट भरायचं. दूध-भाकरी ही वरची. घरातल्या माणसांनी फक्त वाटी पाहिली, म्हणून ते दूध-भाकरीवर जगलं असं सगळ्यांना वाटलं. आपल्याकडच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ‘शाकाहारी’ मांजरांची गोष्ट हीच आहे. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर, जाळीच्या आत राहणारं मांजर मात्र वाटीत पडेल तेवढंच खाणार. त्याला परडं नाही.

वाटीत काय पडायला हवं, हे त्याच्या शरीरानं ठरवलेलं आहे. टॉरिन नावाचा एक घटक असतो. तो माणसाचं शरीर स्वतः तयार करतं, मांजराचं शरीर पुरेसा करू शकत नाही. त्याला तो खाण्यातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. डाळ, भात, भाकरीत जवळजवळ नसतोच, दुधा-पनीरमध्ये असतो तो पुरत नाही. टॉरिन कमी पडत गेलं की डोळ्यातला पडदा झिजून मांजर आंधळं होतं, नाहीतर हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगतं. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकांनी दाखवून दिलं की पाळीव मांजरांचा हा हृदयविकार कमी टॉरिनमुळे होतो. ती मांजरं तर बाजारातलं तयार खाणंच खात होती. त्यानंतर कंपन्यांनी त्या खाण्यातलं टॉरिन वाढवलं. मांस असलेल्या खाण्यावर जिथे ही वेळ आली, तिथे तूप-भाताचं काय सांगायचं? ‘अ’ जीवनसत्त्वाचंही तसंच. गाजर-भोपळा खाऊन आपण ते अंगात तयार करतो, मांजराला ते जमत नाही.

आणि दूध. आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना गाई-म्हशीचं दूध नीट पचत नाही. पिल्लू आवडीनं पितं आणि मग त्याला जुलाब होतात. किलोभरसुद्धा वजन नसलेल्या जिवाला दोन दिवसांचे जुलाब फार महागात पडतात.

बाहेरून टॉरिन मिसळलेलं शाकाहारी खाणं परदेशात मिळतं, हे कुणीतरी तुम्हाला सांगेलच. वाढत्या पिल्लावर मी तो प्रयोग करणार नाही आणि तुम्हालाही करू देणार नाही.

तेव्हा प्रश्न असा उरतो, की मांजराचं खाणं तुमच्या घरात येऊ शकतं का? याचं उत्तर ना मी देऊ शकते, ना तुम्ही एकट्या. ते सासूबाईंनी द्यायचं आहे. तुम्ही दोघं कामावर, लेक शाळेत, मग दिवसभर पिल्लांपाशी कोण असणार? त्याच. त्या देव्हाऱ्यासमोर बसतील तेव्हा पिल्लू मांडीत येईल, त्या दिवस मावळायच्या आत जेवायला बसतील तेव्हा ताटाशी घुटमळेल. त्यांच्या मनाविरुद्ध, किंवा त्यांना अंधारात ठेवून, हे चालणार नाही. बाहेरच्या बाहेर गुपचूप खाऊ घालायचा विचार मनात आला असेल तर तोही सोडून द्या. ज्या घरात सासूबाईंनी इतक्या मोकळेपणानं जीवदयेला होकार दिला, तिथे त्यांच्यापासून एवढी मोठी गोष्ट लपवणं बरं नाही.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. त्यांना घेऊन पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात जा. मांजराच्या कोरड्या खाण्याचं एक पाकीट हातात घेऊन त्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा: चिकन, मासे, यकृत. आत डाळीपेक्षा थोडे मोठे, तपकिरी, कुरकुरीत दाणे असतात. छोटं पाकीट विकत घेऊन तिथेच फोडा आणि त्यांना वास घेऊ द्या. मासळीचा वास येतो, डबा उघडला की येतोच. तो वास रोज दोनदा घरात येणार आहे, हे आज कळलेलं बरं.

त्यानंतर सोय कशी लावता येईल ते बोला. मला माहीत असलेल्या काही कडक शाकाहारी घरांत ती लावलेली आहे. खाण्याचा घट्ट झाकणाचा डबा गॅलरीत असतो, स्वयंपाकघराचा उंबरा तो कधी ओलांडत नाही. मांजराची वाटी वेगळी, चमचा वेगळा, ती भांडी गॅलरीतल्या किंवा बाथरूमच्या नळावर धुवायची, ओट्याच्या सिंकमध्ये नाही. खायला घालायचं काम घरातल्या एकाच माणसाकडे. तुमच्याकडे ते तुम्ही किंवा यजमानांनी घ्यावं, लेकीवर सोडू नये आणि सासूबाईंना तर त्या डब्याला हातही लावावा लागू नये. मोठं झालेलं मांजर दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाणं खातं, म्हणजे सकाळ-संध्याकाळ एकेक मूठ. पिल्लांना त्यांचं वेगळं खाणं मिळतं, ते थोडं थोडं करून दिवसातून तीन-चार वेळा द्यावं लागतं. दुपारची एक वेळ कोण सांभाळणार, हेही आधीच ठरवा.

आणखी एक गोष्ट सासूबाईंना आधी सांगायला हवी. घरात पाल आली तर मांजर ती मारणार. कितीही पोट भरलेलं असलं तरी मारणार. जाळीच्या आत ठेवल्यानं पक्षी वाचतात, बाहेरची शिकार थांबते, पण पालीचं वचन कुणीच देऊ शकत नाही.

तुमच्या घरच्या आचारावर बोलायचा अधिकार माझा नाही. डबा कुठे ठेवायचा, कुणी उघडायचा, यात हवी तेवढी तडजोड करा. मांजराच्या पोटाशी तडजोड करता येत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता नसबंदी. सासूबाईंचं मन कचरतं ते मी समजू शकते, धडधाकट जिवावर शस्त्र चालवायचं म्हणजे कुणालाही वाटेल. पण तुमच्याकडे येणार आहेत बोका आणि भाटी. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. नातं मांजराला कळत नाही, त्याच घरात वाढलेल्या भावापासूनच ती गाभण राहील. नऊ आठवड्यांत तीन-चार पिल्लं. पिल्लं अजून अंगावर पीत असतानाच भाटी पुन्हा गाभण राहू शकते. वर्ष संपायच्या आत तुमच्या दोन खोल्यांत किती मांजरं होतील ते तुम्हीच मोजा, आणि ती शेवटी कुठे जातील तेही. तुमच्या पार्किंगमध्ये जी पिल्लं गाडीखाली गेली ती अशीच जन्मली होती. सासूबाईंनी ती पाहिली असतील तर त्यांना फार समजवावं लागणार नाही. भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया असते, भाटी आठ-दहा दिवसांत खडखडीत बरी होते, बोक्याला तर त्याहून कमी दिवस लागतात. भाटीची शस्त्रक्रिया लवकर केली तर पुढे स्तनाच्या गाठींचा धोका पुष्कळ कमी होतो आणि गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. बोक्याचं न केल्यास तो वयात आल्यावर भिंतींवर, सोफ्यावर, कदाचित देव्हाऱ्याच्या कोपऱ्यातही मुताची पिचकारी मारून ठेवतो आणि तो वास धुऊन जात नाही. पिल्लांना पाच महिने पूर्ण व्हायच्या आत पशुवैद्यकांची तारीख घेऊन ठेवा.

जाळीबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण गावभागातल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये असते तशी वेल्क्रोनं चिकटवलेली डासांची नायलॉन जाळी तुमच्याकडेही असेल. अशाच एका संस्थेतर्फे घर बघायला जाणाऱ्या एका मुलीबरोबर मी गेले होते. ती काही न बोलता खिडकीपाशी गेली आणि जाळीच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. चर्रकन वेल्क्रो सुटली आणि तिचा हात मनगटापर्यंत बाहेर गेला. घरातली माणसं बघतच राहिली. मांजर तर नखं रोवून त्या जाळीवर चढतं, सगळं वजन एका जागी येतं. तिसऱ्या मजल्यावरून पडलेलं मांजर जगतं असा समज आहे. काही जगतात, पण जबडा नाहीतर पाय मोडून. गॅलरीला आणि निदान रोज उघड्या राहणाऱ्या दोन खिडक्यांना तारेची किंवा कबुतरांसाठी बसवतात ती ताणलेली जाळी लावून घ्या. पिल्लं यायच्या आधी, नंतर नाही.

पुराच्या प्रश्नाचा यजमानांना सगळ्यांत जास्त राग आला असेल असं वाटतं. पण गावभागात राहणाऱ्याला हा प्रश्न विचारायचा नाही तर कुणाला? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा घरं सोडायची वेळ आली. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, पण वीज जाते, नळ बंद होतो आणि शेवटी बोटीतून निघावंच लागतं. भेदरलेलं मांजर हाक मारल्यावर येत नाही. माळ्यावर, कपाटामागे, गादीच्या पेटीत जाऊन बसतं. हातात धरून बोटीत नेलं तर ओरबाडून पाण्यात उडी टाकतं. म्हणून झाकणाची प्लॅस्टिकची टोपली घ्या, मांजर न्यायची म्हणून मिळते ती. ती माळ्यावर टाकू नका. दार उघडं ठेवून, आत जुनी साडी घालून, बारा महिने हॉलच्या कोपऱ्यात राहू द्या. मांजरं आपणहून त्यात झोपायला लागतात. मग कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली आणि नदी चढायला लागली की टोपलीचं दार लावायचं आणि निघायचं. विश्रामबागेत किंवा मिरजेत कुणी नातेवाईक असतील तर ‘पुरात आमची दोन मांजरं ठेवून घ्याल का’ एवढं आजच विचारून घ्या. फॉर्मवरच्या त्या रकान्यात त्यांचंच नाव लिहायचं आहे.

यजमानांना माझं एक सांगा. मुलगी देताना घर बघतात, बरोबर. पण सासरी काही बिनसलं तर मुलगी माहेरी फोन करू शकते. पिल्लाला तेही नाही. संस्थेतली ही मुलंमुली नोकरी-कॉलेज सांभाळून, स्वतःच्या खिशातून औषधं आणून, रात्री उठून पिचकारीनं पाजून ही पिल्लं वाढवतात. हौसेनं नेलेलं पिल्लू आठवड्यात ‘घरात घाण करतंय’ म्हणून परत आणणारी किंवा बाजारात सोडून देणारी माणसं त्यांनी पाहिलेली असतात. ओळखपत्र त्यासाठी मागतात. यजमानांनी घरभेटीच्या दिवशी स्वतः घरी थांबावं आणि जाळी दाखवावी. राग तिथेच जाईल.

तुम्हीही संस्थेला विचारा. पिल्लं आठ आठवड्यांची झाली आहेत का? त्याआधी आईपासून आणि भावंडांपासून तोडलेलं पिल्लू चावरं आणि भित्रं होतं. जंताचं औषध कधी दिलं? लसीचं कार्ड आहे का? पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची बारा आठवड्यांनंतर. आणि कान, डोकं, पंजे यांवर केस गेलेले गोल चट्टे आहेत का ते उजेडात बघा. नायटा असतो, पिल्लांकडून लहान मुलांना चटकन लागतो. बरा होतो, पण कळायला हवा. दोन्ही भावंडं एकत्र नेताय हे उत्तम आहे, दिवसभर एकमेकांशी खेळतील.

घरातल्या दोन-तीन सवयी बदलाव्या लागतील. फरशी फिनेलनं पुसणं बंद. मांजर पंजे चाटतं आणि ते विष त्याच्या यकृताला पचवता येत नाही. कपाटातल्या डांबरगोळ्या काढा. ताप आलाय म्हणून माणसाची पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. लेकीला ओरखडा आला किंवा ती चावली गेली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. आपलं गाव हळदीचं खरं, पण त्या जखमेत हळद भरू नका.

आणि सासूबाई ‘डबा नको’ म्हणाल्या तर? तर मांजर आणू नका, आणि त्यांना दोषही देऊ नका. त्यांनी जीवदया नाकारली असं होत नाही. जैन समाजानं पिढ्यान्‌पिढ्या पांजरपोळं चालवली, त्यातला प्रत्येक जीव कुणी घरात ठेवला नव्हता. तुमच्या पार्किंगमधली ती भाटी अजून तिथेच असणार, लवकरच पुन्हा गाभण होईल. संस्थेच्या मुलांना बोलावून तिला पकडू द्या, तिच्या शस्त्रक्रियेचा खर्च तुम्ही उचला. लेकीला रविवारी संस्थेत घेऊन जा. पिल्लांच्या खोक्यातले कागद बदलायला, भित्र्या पिल्लांशी खेळून त्यांना माणसाळवायला त्यांना माणसं हवीच असतात. नऊ वर्षांच्या मुलीला हे छान जमतं. तिला मात्र कारण खरं सांगा. ‘मांजर आपल्याकडे उपाशी राहील’ हे ती समजू शकेल, ‘आजी नको म्हणते’ एवढंच सांगितलं तर आजीवर राग धरून बसेल.

या आठवड्यात दुकानात जाऊन या, घरात बोला, आणि उत्तर काहीही असो, संस्थेला फोन करा. तुम्ही फॉर्म नेलाय म्हणून ती दोन पिल्लं सध्या दुसऱ्या कुणाला दाखवलेली नसतील. एकत्र नेणारं घर मिळायला वेळ लागतो आणि पिल्लं जितकी मोठी होतात तितकी त्यांना मागणी कमी.